चित्राखालच्या ओळी

गेल्या जानेवारीत शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन मांडायचं काम माझ्यावर आलं. मी चित्रकलेची शिक्षिका नाही, उर्दू आणि मराठी शिकवते. पण अक्षर बरं आहे म्हणून चित्रांखालच्या चिठ्ठ्या दरवर्षी माझ्याकडूनच लिहून घेतात. तशी वारणानगरात कलेची हवा आहे. तात्यासाहेब कोरे यांनी साखर कारखान्याबरोबर इथे मुलांचा वाद्यवृंदही उभा केला, आणि वारणेचा बालवाद्यवृंद म्हटलं की बाहेरगावची माणसं अजून ओळख दाखवतात. वाजवणाऱ्या मुलांना इथे मान आहे. चित्र काढणाऱ्यांना मात्र 'बसल्या बसल्या कागद खराब करतो' एवढंच ऐकावं लागतं.

दहावीतल्या एका मुलीने प्रदर्शनासाठी सुटी चित्रं न देता एक जाडजूड वहीच आणून दिली. पाचवीपासूनची. प्रत्येक पानावर एक चित्र चिकटवलेलं आणि खाली दोन-चार ओळी. वडील गॅरेजमध्ये कामाला, आई घरी शिवणकाम करते. वह्यांचे पुठ्ठे वडिलांनी गॅरेजमधल्या चिकटपट्टीने जोडलेले होते, त्यामुळे वहीला ग्रीसचा वास येत होता. मुलीला मी सहा वर्षं ओळखते, पण ती वही सलग कधी पाहिली नव्हती. त्या दिवशी पहिल्या पानापासून उलटत गेले.

पाचवीतल्या ओळी अशा: 'हे आंब्याचे झाड आहे. सरांनी मला स्टार दिला. माझा पहिला नंबर आला.' पुढच्या पानावर: 'हे चित्र अब्बांना आवडले. मामूंनी दहा रुपये दिले.' चित्राबद्दल काहीच नाही. ते कोणाला आवडलं, काय मिळालं, एवढंच.

मग सहावीतलं एक पान आलं आणि मी थांबले. त्या पानावर लाल शाई होती, आणि ती माझी होती. मुलीने वही दाखवायला आणली असणार, आणि मी भाषेच्या बाईंना साजेसं काम केलं होतं. 'पाउस'चा 'पाऊस' केला, 'दीसते'चं 'दिसते', एक अख्खं वाक्य खोडून वर नवं लिहिलं आणि खाली सही ठोकली. मला तो प्रसंग आठवतसुद्धा नाही. त्यानंतरची चित्रं होती, पण त्यांच्याखाली एकही ओळ नव्हती. एक, दोन, दहा, वीस पानं. जवळजवळ दीड वर्ष ती चित्राखाली काही लिहीत नव्हती.

आठवीत ओळी परत आल्या, पण आता त्या वेगळ्याच होत्या. 'हिरवा मळकट झाला. ब्रश धुतला नव्हता.' 'पत्र्यावरचा उजेड पांढरा नसतो. थोडा निळा टाकायला हवा होता.' 'दादी म्हणते माणसं काढू नको. म्हणून खुर्ची काढली, दादी उठून गेल्यावरची.' नववीत वाक्यं आणखी आखूड. दहावीतल्या काही पानांवर फक्त तारीख आणि रंगांची नावं.

(सजीवांची चित्रं काढावीत की नाही, हा प्रश्न आपल्या अनेक घरांत असतो. त्यावर आलिमांची मतं एकसारखी नाहीत आणि मी त्यात बोलणारी कोणी नव्हे. मी एवढंच पाहिलं, की दादीच्या एका वाक्यामुळे त्या मुलीने भिंती, पत्रे, उसाची पाती आणि रिकाम्या खुर्च्या इतक्या बारकाईने पाहिल्या, की वर्गातल्या कोणाला त्या तशा दिसल्या नसत्या.)

ती वही घरी नेऊन मी दोन रात्री वाचली. माझ्यामुळे गेलेलं दीड वर्ष मनातून जात नव्हतं. आणि दुसरा एक प्रश्न पडला. चित्र काढणारा माणूस आपल्या चित्रांबद्दल लिहितो, तेव्हा हात जसजसा तयार होत जातो तसतसं त्याचं लिहिणं असं बदलतं का? की हे या एकाच मुलीचं आहे?

आपल्या कोल्हापूरचे आबालाल रहिमान सगळ्यांना माहीत असतात. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, कोल्हापुरात परत आले, शाहू महाराजांचा आश्रय मिळाला आणि रंकाळ्याच्या परिसराची निसर्गचित्रं त्यांनी काढली. १९३१ साली ते गेले. टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आम्ही मुलांची सहल नेतो तेव्हा त्यांचं नाव मी आवर्जून घेते. पण आबालालांविषयी आपण जे सांगतो ते सगळं दुसऱ्यांच्या तोंडचं. ते कसे एकटे राहत, चित्रं कशी वाटून टाकत, उरलेल्या चित्रांचं काय झालं. एका माणसाची गोष्ट दुसऱ्याने तिसऱ्याला सांगितलेली. रंकाळ्यावर सकाळी बसलेल्या त्या माणसाला पाण्याचा रंग लावताना काय अडत होतं, हे या गोष्टींतून कळत नाही.

असं लिहून ठेवणारा चित्रकार मराठीत आहे. आमच्या चित्रकलेच्या सरांनी मला त्यांचं पुस्तक वाचायला दिलं. प्रभाकर बरवे हे मूळ अलिबागजवळच्या नागावचे, जन्म १९३६ चा. जे. जे. मधून शिकून बाहेर पडल्यावर त्यांनी विणकर सेवा केंद्रात नोकरी धरली आणि १९६१ पासून काही वर्षं बनारसला काढली. कापडावरच्या नक्षीचं काम ही पोटाची सोय, आणि उरलेल्या वेळात स्वतःची चित्रं. बनारसच्या दिवसांत त्यांच्या चित्रांवर तांत्रिक आकृत्यांची छाया होती. पुढे ती निघून गेली. दाराखिडक्यांना देतात तो एनॅमलचा रंग त्यांनी कॅनव्हासवर वापरला. त्यांच्या चित्रांत घड्याळ, पान, सेफ्टी पिन, ढग अशा रोजच्या वस्तू मोठ्या रिकाम्या जागेत सुट्या सुट्या दिसू लागल्या. १९७६ साली 'निळा ढग' या चित्राला ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आणि या सगळ्या काळात ते डायऱ्या लिहीत होते. विद्यार्थिदशा संपल्यापासून १९९५ मध्ये जाईपर्यंत, तीन दशकांहून जास्त. एकाच पानावर लहानसं रेखाटन आणि बाजूला शब्द. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन झालं, त्यात या डायऱ्याही लोकांसमोर आल्या. या लिखाणातूनच त्यांचं 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक १९९० साली निघालं. चित्रकाराचं पुस्तक म्हणून मी ते उघडलं ते आठवणी, मोठ्या माणसांच्या भेटी, परदेशवारी असं काही मिळेल म्हणून. त्यातलं जवळजवळ काही नाही. समोर कोरा कॅनव्हास आहे, त्यावर पहिली खूण कशी पडते, वस्तू आणि तिच्याभोवतीची मोकळी जागा यांचं नातं काय, डोळ्यांना दिसलेली वस्तू आणि चित्रात आलेली वस्तू एकच असते का, यावर एक माणूस शांतपणे विचार करत बसला आहे. पुस्तक सोपं नाही. काही पानं मला दोनदा वाचावी लागली आणि तरी पूर्ण कळली असं म्हणणार नाही. पण एक गोष्ट लगेच दिसली: या माणसाला 'चित्र कोणाला आवडलं' या प्रश्नात रस उरलेला नाही.

म्हणजे पाचवीतून आठवीत गेलेली आमची मुलगी याच रस्त्यावर दोन-चार पावलं चालली होती.

दूरचं उदाहरण द्यायचं तर व्हिन्सेंट व्हॅन गॉगचं. त्याने धाकट्या भावाला, थिओला लिहिलेली साडेसहाशेहून जास्त पत्रं आज उपलब्ध आहेत. सुरुवातीच्या काळात त्याला धर्मोपदेशक व्हायचं होतं, आणि त्या वर्षांतली पत्रं उपदेशाने आणि बायबलच्या वचनांनी भरलेली आहेत. १८८० मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याने चित्रकार व्हायचं ठरवलं. हळूहळू पत्रांत छोटी रेखाटनं येऊ लागली. मग त्या रेखाटनांत कुठे कोणता रंग आहे ते शब्दांत लिहिलेलं. १८८८ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावी गेल्यावर तर कोणत्या रंगाच्या किती नळ्या पाठव, याच्या याद्या. उपदेश करणारा तरुण जाऊन तिथे पिवळ्या रंगाच्या शेजारी कोणता निळा ठेवावा याचा ध्यास लागलेला माणूस आला. त्याचे पैशाचे हाल संपले नव्हते, रडगाणंही पत्रांत आहेच. पण चित्राची गोष्ट निघाली की वाक्य सरळ कामावर येतं.

मला सगळ्यांत जवळचे वाटले ते सय्यद हैदर रझा. उर्दूच्या माणसाला ते जवळचे वाटणारच, पण त्यांच्या गोष्टीत एक प्राथमिक शिक्षक आहे, म्हणून मला जरा जास्त.

रझांचा जन्म १९२२ चा, मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यातला. वडील जंगल खात्यात होते, त्यामुळे लहानपण नर्मदेच्या बाजूच्या रानातल्या खेड्यांत गेलं. ककैया गावच्या शाळेत मुलाचं लक्ष काही ठरत नसे. तेव्हा नंदलाल झारिया या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि याच्याकडे बघत बस, असं सांगितलं. वर्गात लक्ष नसलेल्या मुलाला आम्ही काय काय करतो ते आठवून मला ओशाळल्यासारखं झालं. या गुरुजींनी छडी उचलली नाही, ठिपका काढला.

पुढे रझा नागपूरच्या चित्रकला शाळेत १९३९ ते १९४३ शिकले, मग मुंबईला आले. दिवसा एक्स्प्रेस ब्लॉक स्टुडिओत नोकरी करायची आणि उरलेल्या वेळात चित्रं. जे. जे. मध्ये शिक्षण झालं. १९४७ मध्ये सूझा, आरा, गाडे, बाकरे आणि आपल्या पंढरपूरचे एम. एफ. हुसेन यांच्याबरोबर प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट ग्रुप उभा राहिला. त्याच वर्षी त्यांची आई गेली, पुढच्या वर्षी वडील. फाळणीनंतर भाऊ-बहिणी पाकिस्तानात गेले, पहिली पत्नीही गेली. रझा इथेच राहिले. मंडल्यात लहानपणी गांधीजींना पाहिलं होतं, त्यांचा देश सोडून जाणं जमलं नाही, असं ते पुढे सांगत. आपल्यापैकी किती घरांत अशी वाटणी झालेली आहे ते वाचकांना सांगायला नको.

१९४८ मध्ये ते काश्मीरला चित्रं काढायला गेले. तिथे प्रसिद्ध फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांची चित्रं पाहिली आणि स्पष्ट सांगितलं, की हात चांगला आहे पण चित्राला बांधणी नाही, सेझान या चित्रकाराचा अभ्यास कर. त्याच वर्षी बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक त्यांना मिळालं होतं. पदकावर समाधान मानून बसायची चांगली सोय होती. त्याऐवजी ते मुंबईत फ्रेंच शिकले, शिष्यवृत्ती मिळवली आणि १९५० मध्ये पॅरिसला गेले.

तिथून त्यांनी मित्रांना पुष्कळ पत्रं लिहिली. कृष्ण खन्ना यांच्याशी चाललेला त्यांचा पत्रव्यवहार पुढे पुस्तकरूपाने छापला गेला. १९५२ मध्ये पॅरिसच्या गॅलरीत सूझा आणि अकबर पदमसी यांच्याबरोबर प्रदर्शन झालं, १९५६ मध्ये 'प्री द ला क्रितीक' हा समीक्षकांचा पुरस्कार मिळाला, आणि तो मिळवणारे ते पहिले बिगर-फ्रेंच चित्रकार ठरले. १९५९ मध्ये सोबत शिकलेल्या चित्रकार जानिन मोंजिला यांच्याशी लग्न झालं. नाव, गॅलरी, घर सगळं झालं.

आणि सत्तरच्या दशकात हा माणूस अस्वस्थ झाला. आपण फ्रान्समध्ये चांगले चित्रकार झालो, पण या चित्रांत आपण कुठे आहोत, हा प्रश्न. भारतातल्या फेऱ्या वाढल्या. अजिंठा, वेरूळ, बनारस, राजस्थान, गुजरात. आणि पुढे कॅनव्हासवर आला तो काळा गोल ठिपका, ज्याला ते बिंदू म्हणत. झारिया गुरुजींच्या भिंतीवरचा तो ठिपका पन्नास वर्षांनी परत आला होता.

याच काळात त्यांच्या शब्दांचं काय झालं, ते मला फार लक्षात घेण्यासारखं वाटतं. रझा वह्या ठेवत. वह्यांचं नाव 'ढाई आखर'. आवडलेल्या ओळी त्यांत उतरवून ठेवायच्या. हिंदी, उर्दू, संस्कृत, फ्रेंच, इंग्रजी, भाषेची अट नाही. आपल्याकडे याला फार जुना शब्द आहे, बयाज. माझ्या नानांकडे एक होती. शेर, नुस्खे, कोणाची जन्मतारीख, कोणाला दिलेले उसने पैसे, सगळं एकाच बयाजमध्ये. रझांच्या वह्यांतल्या ओळी पुढे चित्रांत शिरल्या. १९८१ च्या 'माँ' या चित्रात अशोक वाजपेयींच्या कवितेची एक ओळ देवनागरीत लिहिलेली आहे. चित्रांना हिंदी नावं आली. उर्दू बोलणाऱ्या घरातला मुलगा, आयुष्य फ्रेंचमध्ये गेलेलं, आणि आईचं चित्र करताना हात वळला तो शाळेत गुरुजींनी शिकवलेल्या लिपीकडे. चित्राबद्दलच्या लांब पत्रांतून निघालेले शब्द शेवटी एक ओळ होऊन चित्राच्याच कडेला येऊन बसले.

बरवे यांचे शब्द वाढत जाऊन पुस्तक झाले, रझांचे कमी होत चित्रात विरले, आणि नागपुरात जन्मलेले वासुदेव गायतोंडे तर मुळातच फार न बोलणारे. तेव्हा याचा एकच नियम करता येत नाही. नियम करायची खोड आम्हा मास्तर लोकांना असते.

तरी एक गोष्ट मला खुशखतीच्या सरावातून पटते. उर्दू सुलेखन शिकताना 'मश्क' करतात, म्हणजे एकच अक्षर, एकच जोड पुन्हा पुन्हा लिहायचा. त्या कागदावर अक्षरांवर अक्षरं चढतात, वाचायला काही उरत नाही. इराणात तर पुढे अशा मश्कीच्या कागदांनाच कलाकृतीचा मान मिळाला, 'सियाह मश्क' म्हणतात त्याला. उस्ताद मश्क तपासतो तेव्हा 'नून'ची वाटी किती खोल आणि कलम कुठे उचललं ते बघतो. त्या कागदावर शब्दाचा अर्थ काय, हे कोणी विचारत नाही. मी मुलीच्या वहीत नेमकं उलटं केलं. तिने पाऊस कसा पाहिला होता, ते मी पाहिलंच नाही. पावसातला 'ऊ' पाहिला.

शिक्षकाने शुद्धलेखन तपासू नये असं माझं म्हणणं नाही. निबंधाच्या वहीत मी आजही तपासते आणि गुणही कापते. पण मुलाच्या हातात अशीही एखादी वही असते जी कोणाच्या तपासणीसाठी नसते. ती कोणती, हे ओळखायला मला वीस वर्षांची नोकरी पुरली नव्हती.

फेब्रुवारीत तिची आई शाळेत आली. मुलीने एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही शासकीय रेखाकला परीक्षा दिल्या होत्या. त्याचे दहावीला थोडे वाढीव गुण मिळतात, हे आईला माहीत होतं आणि पसंतही होतं. काळजी पुढची होती. "मॅडम, चित्र निकालती वो ठीक है, मगर ये लिखती क्या रहती है? घंटाभर कागज को देखके एक लाइन लिखती. पढाई कब करेगी?" घरात सायन्स की कॉमर्स हा वाद चालू होता. कोल्हापुरात कलानिकेतन आहे, दळवीज आर्ट्स इन्स्टिट्यूट आहे, बारावीनंतरही तो रस्ता बंद होत नाही, हे मी सांगितलं. त्या गप्प राहिल्या. मग मी वही उघडून पाचवीतलं पान आणि दहावीतलं पान शेजारी ठेवलं. चित्रं दाखवली नाहीत, फक्त ओळी वाचून दाखवल्या. 'माझा पहिला नंबर आला.' आणि मग, 'भिंत दुपारी पिवळी, चारनंतर गुलाबी. आज चारला पोचले नाही.'

त्या शिवणकाम करणाऱ्या बाई. कापडाचा रंग दिव्याखाली आणि उन्हात वेगळा दिसतो म्हणून गिऱ्हाईकाला अंगणात नेऊन दाखवणाऱ्या. त्यांनी दुसरी ओळ पुन्हा वाचायला लावली. म्हणाल्या, "ये सच है. वो हमारी पीछे की दीवार है."

मी सायन्सच्या बाजूने बोलले नाही आणि चित्रकलेच्याही नाही. एवढंच म्हटलं, की कुठलाही कोर्स घ्या, ही वही बंद करू नका. आणि लाल शाईचं पानही त्यांना दाखवलं. हे माझं, असं सांगितलं. त्यांना ते फारसं गंभीर वाटलं नाही. शिक्षकाने चुका काढायच्याच असतात, असं त्यांचं मत. मुलीला मात्र मी वर्गाबाहेर बोलावून माफी मागितली. ती इतकी लाजली की पळूनच गेली.

शेवटी तिने अकरावीला सायन्स घेतलं. जूनमध्ये पहिल्या पावसाच्या आसपास ती घरी भेटायला आली, हातात नवी वही. पहिल्या पानावर चित्र नव्हतं. तपकिरी रंगाचे नऊ चौकोन होते आणि प्रत्येकाखाली तिने स्वतः दिलेलं नाव: गूळ, चहा, गंज, ओली माती, कोरडी माती, दादीची शाल... पेन माझ्या हाताशीच होतं. तिने ते बघितलं आणि हसत म्हणाली, "मॅडम, याच्यात चुका आहेत. राहू द्या."